जाळीच्या अलीकडचे मल्लूअण्णा

माझ्या केसांतला गजरा आजवर एकाच परक्या पुरुषानं मागून घेतला आहे, आणि तोही चाळीस मुलींच्या देखत.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. साठचं दशक निम्मं सरलं होतं. सातवीची सहल पन्हाळ्याला न्यायची आणि उतरताना गडाखालच्या एका मळ्यावर मुलींना मधमाश्या दाखवायच्या, असा आमच्या शाळेचा शिरस्ता होता. रस्त्याला लागून एक कौलारू खोली, खोलीमागे दोनेकशे पावलांवर जांभळांची आणि आंब्यांची झाडं, त्या झाडांखाली दगडी चौथऱ्यांवर ठेवलेल्या लाकडी पेट्या, आणि बाजूला घर. आमची एसटी थांबली तेव्हा खोलीच्या दारात पांढरा सदरा-लेंगा घातलेला पस्तिशीचा एक शिडशिडीत माणूस उभा होता. आमच्याकडची माणसं साधं पाणी मागायचं तरी शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. हा माणूस इतका हळू बोलला, की मला दोन पावलं पुढं जावं लागलं.

"बाई, तेवढा गजरा काढून द्या. पोरींच्या वेण्या पण. वासाचं त्यास्नी चालत न्हाय."

मी गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला होता तो तसाच ठेवला. शेवटी मी गजरा काढून दिला, आणि मग चाळीस मुलींनी रांगेनं आपापली फुलं दिली. दारावर एक सुतळी बांधलेली होती, तिच्यावर त्यांनी ती सगळी ओळीनं अडकवली. परतताना जिची तिला दिली, एकदाही चुकले नाहीत. डोक्याला वासाचं तेल लावलेल्या तीन मुलींना मात्र त्यांनी ओळखून मागच्या रांगेत उभं केलं. ते स्वतः साबणसुद्धा लावत नसत, हे नंतर कळलं.

हे मल्लूअण्णा. घराणं मूळचं सीमेकडचं, दोन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात कन्नड, दारात मराठी. आजोबा दोराला लोंबकळून कड्यावरची आग्या माश्यांची पोळी कापायचे. वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी सरकारी माणसाकडून पेटीतल्या माश्या पाळायचं शिकून घेतलं, आणि त्या भागात पहिल्यांदा पेटी ठेवली ती त्यांनीच. थोरला मुलगा मल्लू, धाकटा बसू. गडावर येणारी माणसं कुतूहलानं डोकवायला लागली, तसं आप्पांनी रस्त्यावर ही खोली बांधली. येणाऱ्याला माश्या दाखवायच्या, हाताच्या पाठीवर थेंबभर मध चाटवायचा, हवी तर बाटली द्यायची.

त्या दिवशी मल्लूअण्णांनी उघड्या हातांनी पेटीचं झाकण काढलं. आतली चौकट उचलताना ते तोंडातल्या तोंडात "निधान, निधान" म्हणत होते. निधान म्हणजे कन्नडात हळू. माश्या त्यांच्या मनगटावर, बाहीवर, कानाच्या पाळीवर चालत होत्या आणि ते आम्हाला समजावून सांगत होते. "आमच्यात राणी एकच. आमच्यात कामाला लागायचं वय ठरलेलं. आमच्यात ज्येला काम न्हाय, त्येला थंडीत बाहीर काढत्यात." मुली हसल्या. एकीनं विचारलं, चावत नाहीत का? ते म्हणाले, "चावत्यात की. त्याचं काय एवढं?" आणि त्यांनी दंडावरचा ताजा काटा नखानं खरवडून टाकला.

त्यांची बायको शांताक्का घराच्या ओसरीवरून आमच्याकडे बघत होती. लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिला माश्यांची भीती वाटते, पेट्यांकडे ती फिरकत नाही, असं बसूनं हसत हसत सांगितलं.

नंतर तीन-चार वर्षं मी दर हिवाळ्यात मुलींना घेऊन जात राहिले. मग एका वर्षी गेले तर खोलीच्या खिडक्यांना बारीक तारेची जाळी ठोकलेली दिसली. दाराला आतून आणखी एक जाळीचं दार. मल्लूअण्णा आत खुर्चीवर बसले होते.

काय झालं ते आप्पांनी मला ओसरीवर बसवून सांगितलं. जांभळाच्या मोहरात मध काढायचं काम चाललं होतं. मल्लूअण्णांच्या मानेला एक माशी चावली. आयुष्यात हजारदा चावली असेल, तशीच एक. पण थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा बंद झाला आणि ते पेटीशेजारीच कोसळले. नशिबानं त्या वेळी पाहुण्यांची एक मोटार दारात उभी होती. तिच्यातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वाचवलं आणि सांगितलं, ह्यांच्या अंगाला आता हे विष सोसत नाही. असं होतं कधीकधी, इतकी वर्षं चावून घेतल्यावरसुद्धा. पुढच्या खेपेला दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही.

"डाक्टर म्हनला, गाव सोडा," आप्पा म्हणाले. "त्यो न्हाय म्हनला. मग मी म्हनलं, खोलीत ऱ्हा."

अशा रीतीनं मल्लूअण्णा त्या खोलीत राहायला गेले. आपल्या मळ्यात, आपल्या घरापासून दोनशे पावलांवर, आणि तरी बाहेरचे. दिवस मावळून माश्या पेटीत गेल्या की ते घरी जेवायला जात, आणि जेवून झोपायला परत खोलीत येत. पेट्यांपर्यंत मात्र अंधारातही जायचं नाही, अशी आप्पांनी त्यांना शपथ घातली होती. त्यांची हत्यारं, माश्या शांत करायचं त्यांचं धुराडं, त्यांचं काम सगळं शांताक्कानं उचललं. ज्या बाईला ओसरी उतरायची भीती वाटायची तिनं. तिच्या लुगड्याला काट्यांचा, पोळ्यांचा वास यायचा, एखादी माशी निऱ्यांत अडकून यायची, म्हणून खोलीत जायच्या आधी ती आंघोळ करून लुगडं बदलायची. हंगामात दिवसाचे तेवढे खटाटोप कुठून जमणार? मग आठ-आठ दिवस ती खोलीकडे जातच नसे. जाळीबाहेर दुपारचा डबा ठेवून, हाक मारून निघून जायची.

मल्लूअण्णांनी हातावर हात ठेवून बसायचं नाही असं ठरवलं असावं. पुढच्या वर्षी गेले तेव्हा त्यांनी खोलीची मागची भिंत फोडून तिच्यात काचेची पेटी बसवली होती. दोन्ही बाजूंना काच, मधे एकच चौकट, आणि माश्यांना बाहेर ये-जा करायला बांबूची नळी. खोलीत मुंगीसुद्धा येणार नाही असं सगळं मेणानं बंद केलेलं. लांब काडी घेऊन ते काचेवर एकेक माशी दाखवत. राणी कुठली, अंडी कुठं, नुकतीच परतलेली माशी नाचून बाकीच्यांना फुलांची दिशा कशी सांगते. मुली काचेला नाक लावून बघत. पूर्वी घाबरून मागे सरकायच्या, त्या आता हलायला तयार नसत. पाहुणे वाढले. कागलहून, सांगलीहून, बेळगावहून शाळा यायला लागल्या.

एवढंच, की ते आता "त्यांच्यात" म्हणायला लागले होते. "त्यांच्यात राणी एकच."

त्यांचं सांगून झालं की बसू यायचा आणि पाहुण्यांना मागं पेट्यांकडे घेऊन जायचा. खोलीत उरायचे मल्लूअण्णा, सुतळीवरची फुलं आणि दाराबाहेरच्या चपला. एका वर्षी माझा पाय मुरगळला होता, म्हणून मी मुलींबरोबर गेले नाही. त्यांच्याजवळ बसले. ते मागच्या खिडकीपाशी जाळीला कान लावून उभे होते.

मग म्हणाले, "बसूनं तिसरी पेटी उघडली बगा. जरा दांडगाई केली त्यानं." थोड्या वेळानं चेहरा निवळला. "आता शांतानं घेतली चौकट हातात."

मी विचारलं, ते कसं कळलं?

"आवाज खाली आला की."

मला तर नुसता मुलींचा गलका ऐकू येत होता. त्यांनी मला सांगितलं, की शांताचा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे. तिनं धुराडं घेतलं तरी धूर करत नाही. त्यांच्या घरात असा हात आजोबांचा होता असं म्हणतात, पण ते त्यांनी बघितलेलं नाही. हे सांगताना ते जाळीतून बाहेरच बघत होते. तिला हे कधी सांगितलंत का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुली परत आल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी जे घडलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मळ्याच्या कडेला बांधावर सावरीचं उंच झाड होतं. त्याच्यावर दरवर्षी आग्या माश्यांची पोळी लागत. त्यांच्या वाटेला कुणी जायचं नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्या दिवशी गडावरून उतरलेली तीन-चार तरुण मंडळी मोटार लांब उभी करून त्या झाडाखाली गेली आणि मधाच्या हावेनं तिथं पालापाचोळा पेटवला. आमच्या मुली तेव्हा खोली आणि घर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत डबे खात बसल्या होत्या. आधी मला कुणीतरी मोठं कापड फाडतंय असा आवाज आला. मग बसू ओरडत आला. मी मुलींना ढकलत ढकलत खोलीत घेतलं, मल्लूअण्णांनी दोन्ही दारं लावली. मी मुली मोजल्या. एक कमी होती.

सुनंदा नावाची बारीकशी मुलगी होती, ती हात धुवायला पाण्याच्या टाकीकडे गेली होती. खिडकीतून दिसली. दोन्ही हात डोक्याभोवती हलवत जागच्या जागी फिरत होती. बसू तोवर त्या तरुणांच्या मागे बांधाकडे पळाला होता.

मल्लूअण्णांचा हात कडीवर होता. मी त्यांच्या मागेच उभी होते, माझ्या पदराला दहा मुली धरून होत्या. कडी निघाली नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार तर दोन श्वासांचा. मग त्या माणसाचा, ज्याला ऐकायला माणसाला पुढं जावं लागायचं त्याचा, असा आवाज निघाला की खोलीतल्या मुली रडायच्या थांबल्या.

"शांता, घोंगडं! टाकीकडं! पोरगीला खाली दाब!"

शांताक्का घरातून घोंगडं घेऊन धावत आली. तिनं सुनंदाला जमिनीवर पाडलं, वरून घोंगडं टाकलं आणि स्वतः तिच्यावर पडली. घोंगडं मुलीपुरतं होतं. शांताक्काची पाठ, दंड, मान उघडीच राहिली.

माश्या पांगल्यावर बसूनं दोघींना घराच्या माजघरात नेलं. मी मागून गेले. सुनंदाला सात-आठ ठिकाणी चावल्या होत्या. शांताक्काच्या पाठीवरचे काटे मोजायला कुणाला सुचलं नाही. मल्लूअण्णा आले ते घराच्या बंद खिडकीपर्यंत. अंगभर धोतर गुंडाळून, तोंड झाकून आले होते. पण आत येऊन काट्यांना हात लावायची सोय नव्हती, त्यांतलं विष अजून ओलं होतं. काचेच्या पलीकडून ते मला सांगत होते. "चिमटीत धरू नगा बाई. चिमटीनं इष आत जातंय. नखानं खरवडा. आडवं, आडवं." मी एकेक काटा काढत होते आणि ते माझ्या नखाकडे बघत होते. शांताक्का पालथी पडून होती. एकदाच मान वळवून तिनं खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी जावा तिकडं. एखादी आसंल अजून."

दोघी बऱ्या झाल्या. सुनंदा आठ दिवसांत शाळेत आली. शांताक्काला दवाखान्यात चार दिवस ठेवावं लागलं. मल्लूअण्णांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. आप्पा नाही, बसू नाही, शांताक्का तर नाहीच. त्यांनी बाहेर पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी नवीन मुली घेऊन गेले. मल्लूअण्णांनी नेहमीसारखं काचेवर काडी ठेवून राणी दाखवली, अंडी दाखवली, नाच दाखवला. मग काडी खाली ठेवली आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, "आनि एक सांगतो. हितं एक डाव आग्या उठला हुता. एक पोरगी भाईर ऱ्हायली. मी ह्या दाराआड हुतो. मी गेलो न्हाय. माझी मंडळी गेली."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा काडी उचलली.

बसूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की येणाऱ्या प्रत्येक घोळक्याला ते हे सांगतात. पाहुणे घाबरतात, बायका पोरांना घेऊन मागं यायला बघत नाहीत. आप्पांकडे तक्रार केली, तर आप्पा म्हणाले, सांगू दे त्याला. पुढची चार-पाच वर्षं मी ते दर हिवाळ्यात ऐकलं. शब्द तेच. एकदाही त्यांनी असं म्हटलं नाही, की त्या मुलींची बाईही ह्याच दाराआड होती. सांगताना माझ्याकडे ते बघतही नसत. आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. मुलींसमोर कसं बोलायचं, असं मी स्वतःला समजवत असे.

मग माझी बदली आमच्या शाळेच्या दुसऱ्या शाखेत झाली, सहली सुटल्या. आप्पा वारल्याचं कुणाकडून तरी कळलं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. एकदा श्रावणात माझ्या मावसबहिणीकडे पन्हाळ्याला गेले होते. पाऊस आणि धुकं, चार हातांवरचं दिसत नव्हतं. दुपारी जरा उघडीप झाली तशी छत्री घेऊन मळ्याकडे उतरले.

खोलीची दोन्ही दारं सताड उघडी होती. जाळीचं दार वाऱ्यानं हलत होतं. आत कुणी नव्हतं, भिंतीतली काचेची पेटी रिकामी होती. घराला कुलूप. मला वाटलं, सगळं मोडलं. हाक मारली तर झाडांतून मल्लूअण्णा आले. अनवाणी, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पोत्याची खोळ डोक्यावर. केस पिकले होते.

"या की बाई. कवा आलासा?"

त्यांनी सांगितलं, की पावसाळ्यात इथं माश्यांना चरायला काही नसतं, म्हणून हल्ली पेट्या टेम्पोत घालून कागलकडे नेतात. बसूच्या सासुरवाडीची शेती आहे तिकडे, सूर्यफूल असतं, मका असतो. सगळं घरच जातं. बसू, त्याची बायको, पोरं. शांताक्काशिवाय पेट्या हलतच नाहीत, तीही जाते. बसूची थोरली मुलगी आता चौकटी काढायला शिकलीय. दसऱ्यानंतर सगळे परत येतात.

"आणि तुम्ही एकटेच? चार महिने?"

"एकटाच की," ते म्हणाले. मग म्हणाले, "चला, मळा दावतो."

इतक्या वर्षांत मल्लूअण्णांनी मला मळा दाखवलेला नव्हता. ते पुढे, मी छत्री सावरत मागे. ओल्या गवतातून ते भराभर चालत होते. एका आंब्याशी थांबून त्यांनी खोडावर हात ठेवला. हा त्यांनी दुखण्याच्या आधल्या पावसात लावलेला. त्यानंतर जाळीतून शेंडा तेवढा दिसायचा. पहिला पाड लागला तेव्हा शांताक्कानं एक आंबा डब्यात घालून दिला होता.

चौथरे रिकामे होते. ते मला एकेका चौथऱ्यापाशी नेऊन दाखवायला लागले. इथल्या पेटीच्या पायांखाली शांतानं पाण्याच्या वाट्या ठेवायची सोय केलीय, मुंग्या चढत नाहीत. ह्या पेटीचं तोंड पूर्वी दक्षिणेला होतं, तिनं पूर्वेला फिरवलं, सकाळचं ऊन लौकर लागतं. हा दगड बदललाय. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दरवर्षी पावसाळ्यात येऊन, वाकून, हात लावून त्यांनी ते वाचलं होतं.

शेवटच्या चौथऱ्यापाशी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मीही गेले नव्हते. माझ्या वर्गातली मुलगी होती ती. मी तुमच्या मागं उभी होते."

"ठावं हाय की," ते म्हणाले. त्यांनी चौथऱ्यावरचा पालापाचोळा हातानं झाडला. "पर तुमच्या पदराला पोरी हुत्या बाई. तुमास्नी सोडून जाता येत नव्हतं. माझ्या हातात कडीच हुती."

मी म्हटलं, शांताक्काचा हात चांगला आहे हे तिला तरी सांगा. ते हसले. सांगून काय करू, म्हणाले, रात्री जेवताना सगळं घर असतं, दिवसा ती पेट्यांकडं आणि मी खोलीत, आणि मी हिकडं आलो की ती कागलला. मग पाऊस वाढेल, गाडी चुकेल, असं म्हणत त्यांनीच मला रस्त्यापर्यंत आणून सोडलं आणि लगेच मागे फिरले.

गाडीला वेळ होता. मी खोलीच्या वळचणीला उभी राहिले. धुकं खाली उतरत होतं, पण मागची झाडं अजून दिसत होती. मल्लूअण्णा विळा घेऊन चौथऱ्यांभोवतीचं गवत कापत होते. एक झाला की दुसऱ्याकडे. पावसानं एका चौथऱ्याचा दगड खचला होता, त्याच्याखाली त्यांनी बारीक दगडाची कपरी घातली, उठून लांबून बघितलं, पुन्हा जाऊन बसले आणि पेटी जराही कलणार नाही असा तो दगड बेतानं सारखा करायला लागले.